ओळखीचं अक्षर

"हा 'ळ' बघा बाई. असा 'ळ' कोण काढतं, एवढंच सांगायचं. मग गाडी तुम्हाला घरी सोडेल."

साहेबांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि वर एक भिंग ठेवलं. बाईंनी भिंगाला हात लावला नाही. त्याची गरजच नव्हती. कागद अजून साहेबांच्या हातात उलटा होता तेव्हाच त्यांनी अक्षर ओळखलं होतं.

चौतीस वर्षं बाईंनी पहिली-दुसरीच्या मुलांची बोटं धरून अक्षरं गिरवून घेतली होती. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी दुपारी आठ-नऊ मुलं त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत हस्ताक्षराच्या शिकवणीला येत. अर्ध्या वस्तीचा हात त्यांच्या हाताखालून गेलेला. माणसाचा चेहरा त्या विसरत, नाव विसरत, पण अक्षर कधी नाही. पाकिटावरचा पत्ता बघून 'हा त्या कुंभाराचा धाकटा' असं सांगत आणि लोक कौतुकानं हसत. हे कौतुक फिरत फिरत कचेरीपर्यंत पोचलं असेल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी वस्तीतल्या अकरा दारांवर हा कागद चिकटवलेला सापडला होता. काळ्या रंगात ब्रशनं काढलेली मोठी अक्षरं: 'पोस्टमन कुठे आहे? चाळीस दिवस झाले. ज्यानं त्याच्याविरुद्ध लिहिलं, त्याला झोप लागते का? इथे सगळ्यांना डोळे आहेत, तोंड कुणालाच नाही.'

"तीन 'ळ' आहेत," साहेब म्हणाले. "तिन्ही उजवीकडून सुरू केलेत. आमच्या तज्ज्ञालासुद्धा एवढंच सांगता आलं. मी म्हटलं, तज्ज्ञ कशाला, आपल्या बाई आहेत ना."

आपल्या बाई! साहेब त्यांचाच विद्यार्थी. दुसरीत त्याला सगळा वर्ग 'शेंबड्या' म्हणायचा, आणि बाईंनी स्वतःच्या रुमालानं कितीदा त्याचं नाक पुसलं होतं. आता त्याच्या खिशात इस्त्रीचा रुमाल होता आणि त्याला अत्तराचा वास येत होता.

"ब्रशचं अक्षर आहे. असं नाही सांगता येत," बाई म्हणाल्या.

"मग नमुने बघा." त्यानं कपाटातून एक गठ्ठा काढला, नाडी सोडली आणि कागद त्यांच्यासमोर पसरले. "तुमच्याच गल्लीतले आहेत. नाक्यावरच्या सूचनापेटीत लोक टाकतात ते. सावकाश चाळा. एखादं जुळतंय का पाहा."

बाईंनी पहिला कागद उचलला. 'दुसऱ्या मजल्यावरचा विधुर रोज दोन ताटं धुतो. एकटाच राहतो असे सांगतो.' दुसरा. 'औषधाच्या दुकानातला माणूस बातम्या लागल्या की आवाज बंद करतो.' तिसरा. 'माझा मोठा भाऊ काल जेवताना भाषण ऐकून हसला. वहिनीही हसली.' खाली सही कुणाचीच नव्हती. पण बाईंना सहीची काय गरज! हा गवंड्याचा मुलगा, ज्याला 'भ' आणि 'म' मधला फरक कळायला वर्ष लागलं. ही त्या जुळ्या बहिणींतली थोरली. हा 'झ' तर त्यांनी स्वतः बोट धरून शंभरदा काढून घेतलेला.

आणि प्रत्येक कागदावर शिरोरेषा सरळ, दोन शब्दांत एक बोट जागा, कुठे खाडाखोड नाही. त्यांनीच शिकवलेली जागा. आपण पोटभर वाढलेल्या ताटात कुणी थुंकून ते परत आपल्यासमोर ठेवावं, तसं बाईंना झालं. त्यांनी कागद बोटांच्या टोकांनी धरायला सुरुवात केली.

"किती सुरेख लिहितात बघा," साहेब म्हणाले. "तुमचीच मेहनत. वाचायला आम्हाला जराही त्रास होत नाही."

पुढच्या कागदावर बाईंचा हात थांबला.

'तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीण बाईंना परदेशातल्या सुनेची पत्रे येतात. त्या ती दोनदा वाचतात आणि मोरीत जाळतात. रेडिओ बारीक आवाजात लावतात.'

सुनेची पत्रं जाळण्याची गोष्ट त्यांनी एकाच माणसाला सांगितली होती. समोरच्या दारातल्या शिवणमावशीला. सून पत्रात बाईंच्या मुलाच्या दारूबद्दल लिहायची. ते घरात राहू नये म्हणून बाई जाळायच्या. आणि हा 'ळ' उजवीकडून सुरू केलेला होता, लहान, पेनानं घोटलेला, पण तोच.

मावशी शाळेत कधी गेलीच नव्हती. नवरा गेला तेव्हा ती बेचाळीस वर्षांची होती. गिऱ्हाइकांची मापं लिहून ठेवता यावीत म्हणून बाईंनी तिला आपल्या स्वयंपाकघरात बसवून अक्षरं शिकवली. 'ळ' तिला कधी नीट जमला नाही. मोठ्या माणसाला किती रागवायचं, म्हणून बाईंनी तो तसाच सोडून दिला.

गठ्ठ्यात तिचे कागद पुष्कळ होते. बाईंचं खोकणं होतं, उशिरा उठणं होतं, निवडणुकीच्या दिवशी त्या किती वाजता बाहेर पडल्या ते होतं. आणि सर्वांत खाली हे: 'पोस्टमन लोकांना सांगतो की पाकिटे त्याच्या हाती येण्याआधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेली असतात.'

म्हणजे जिच्या कागदामुळे पोस्टमनला उचलून नेलं, तिनंच दारोदार विचारलं होतं, पोस्टमन कुठे आहे.

साहेबांच्या हे डोक्यातही येणं शक्य नव्हतं. पेटीत कागद टाकणारी माणसं आपली. आपल्या माणसांवर कोण संशय घेतो? बाईंनी मान वर केली. तो त्यांच्याकडेच बघत होता आणि बाईंना कळलं, नमुने हे नुसतं निमित्त; त्यानं त्यांच्यावरचे कागद मुद्दामच गठ्ठ्यात ठेवलेत. आपल्यावर कोण लिहितं ते बघून म्हातारी चिडेल, आणि चिडलेलं माणूस घडाघडा बोलतं.

आणि चिडल्या होत्याच त्या. एक नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. एकच शब्द, आणि सहा वर्षं आपल्या घरात चहा पिऊन आपल्यालाच विकणारी ती बाई उद्या या खुर्चीत बसेल. त्या विचारानं क्षणभर बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणूनच स्वतःची किळस आली.

"नाही ओळखत," त्या म्हणाल्या.

"एकही?"

"चष्म्याचा नंबर बदललाय."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला खोटं बोलता येत नाही. आम्ही खोटं बोललो की पट्टी मारायचात."

"तुला कधी नाही मारली," बाई म्हणाल्या. "तीच चूक झाली."

त्याचं हसू गेलं. त्यानं कागद गोळा केले, नाडी बांधली आणि बाहेरच्या शिपायाला हाक मारली. "बाईंना गाडीनं सोडा. आपल्या गाडीनं. आणि नाक्यावर नाही, अगदी दारापर्यंत. उतरताना दार उघडून द्या, नमस्कार करा. आमच्या गुरू आहेत त्या."

गाडी गल्लीत शिरली तेव्हा शाळा नुकतीच सुटली होती. दोन्ही बाजूंना आया मुलांना घेऊन चालल्या होत्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, सगळे भिंतीला चिकटले. त्यानं खाली उतरून दार उघडलं आणि मोठ्यानं म्हणाला, "येतो बाई. साहेबांनी आभार सांगितलेत."

बाई वर आल्या तर शिवणमावशी जिन्यात उभी होती. हातात चहाचे दोन कप, खांद्यावर मापाची टेप तशीच.

"आलीस का गं! सकाळपासून जीव टांगणीला लागलाय माझा. काय म्हणाले? त्रास नाही ना दिला?"

बाई आत गेल्या. मोरीत जाऊन हात साबणानं धुतले. पुसले. पुन्हा धुतले. मावशी दारात उभी राहून बघत होती.

"सुनेची पत्रं मी जाळते, हे कुणाला ठाऊक होतं गं?" बाईंनी पाठमोऱ्याच विचारलं.

कप बशीवर किणकिणले.

"पोराला दाखला हवा होता," मावशी म्हणाली. "वागणूक चांगली असल्याचा. तो असल्याशिवाय त्याला कुठे उभं करत नव्हते. ते म्हणाले, आठवड्याला एक कागद टाका. मी म्हटलं, मला काय दिसतंय, मी तर मशीनवर मान घालून बसलेली असते. तर म्हणाले, दिसेल."

"आणि दिसायला लागलं."

"कोरा कागद चालत नाही गं त्यांना! काहीतरी लिहावंच लागतं. म्हणून तुझं लिहायचे. म्हटलं, तुझं काय बिघडणार? तू म्हातारी, एकटी, सरळ. तुझ्यात सापडण्यासारखं आहे काय? दुसऱ्या कुणाचं लिहिण्यापेक्षा..."

"आणि पोस्टमनचं?"

मावशीनं कप खाली ठेवले. टेप बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्या आठवड्यात काही सुचलंच नाही."

बाई वळल्या. सहा वर्षं रोज पाहिलेला चेहरा होता तो. पण त्याच्याकडे बघवेना.

"चाळीस दिवस झोपले नाही मी," मावशी रडत म्हणाली. "म्हणून ते चिकटवलं. त्या पोरीची, त्याच्या बायकोची, हालत बघवेना. कपडे रंगवायचा काळा रंग होता घरात." मग ती एकदम थांबली. आवाज खाली गेला. "तू ओळखलं असशील. सांगितलंस का त्यांना?"

रडू कुठच्या कुठे गेलं होतं. डोळ्यांत तेवढा एकच प्रश्न उरला होता, आणि बाईंना वाटलं, ज्या डोळ्यांनी हिनं आपल्याला रोज मोजलं ते हेच.

"नाही सांगितलं."

मावशीनं पुढे होऊन त्यांचे हात धरले. बाईंनी ते झटकन सोडवून घेतले.

"हात नको लावूस."

"मग का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्या गठ्ठ्यात तुझ्या कागदावर माझाही एक कागद बसला असता. चहा घेऊन जा तुझा."

शिकवणीला दुसऱ्या दिवशी आठ-नऊ मुलांतली तीनच आली. त्याच्या दुसऱ्या दिवशी एक आलं, आणि अर्ध्या तासात त्याची आई त्याला न्यायला आली. "परीक्षा जवळ आल्यात ना बाई," ती म्हणाली. परीक्षेला चार महिने होते. ती खोलीभर नजर फिरवून गेली, काही आक्षेपार्ह दिसेल म्हणून नाही, तर आपल्या मुलाची वही मागे राहिली नाही ना हे बघत. दूधवाल्याकडे बाई गेल्या की बोलणी थांबत. जिन्यात भेटणारी माणसं पूर्वीपेक्षा जास्त अदबीनं नमस्कार करू लागली. ती अदब बाईंना सर्वांत जास्त झोंबली. भीतीचा नमस्कार त्यांनी आयुष्यात कधी घेतला नव्हता.

एका वाक्यात सगळं निस्तरलं असतं. मी नाही, ती. पण तेही पेटीत टाकायच्या कागदासारखंच वाक्य होतं.

त्या रविवारी सकाळी त्यांनी टेबलावर कागद घेतला आणि अर्ज लिहिला. पोस्टमनला कुठे ठेवलं आहे ते त्याच्या पत्नीला कळवावं. त्यानं पाकिटांबद्दल जे सांगितलं ते खरं आहे, कारण मलाही अशीच पाकिटं आली आहेत. खाली आपलं पूर्ण नाव, पत्ता, निवृत्तीचं वर्ष. बायकोच्या सहीला जागा सोडली आणि अर्ज घेऊन त्या मागच्या इमारतीत गेल्या.

पोस्टमनच्या बायकोनं दार साखळीएवढंच उघडलं. पोरगेली बाई, डोळ्यांखाली काळं.

"तुमच्यासाठी अर्ज लिहिलाय," बाई म्हणाल्या. "वाचून बघा. पटला तर सही करा. वरच्या कचेरीत मी स्वतः घेऊन जाईन."

तिनं अर्जाकडे पाहिलंही नाही. "तुम्हाला कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मीच आले."

"बाई, मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. गाडीतून उतरलात तुम्ही. आभार सांगितले त्यांनी तुमचे."

बाईंनी तोंड उघडलं. एवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे गं? बाळाचा आत्ताच डोळा लागतोय." आवाज शिवणमावशीचा होता. फटीतून दिसत होतं, तिच्या मांडीवर मूल होतं आणि ती त्याला हलके थोपटत होती. तिनं दाराकडे पाहिलं, बाईंना पाहिलं, आणि तिचा हात थांबला.

दाराच्या फटीशी वाकून त्या एवढंच म्हणाल्या, "पोरी, घरात जे बोलशील ते जपून बोल."

"म्हणूनच दार लावतेय," ती म्हणाली. मग मान मागे वळवून आत सांगितलं, "कुणी नाही मावशी."

दार लागलं. आतून कडी सरकली, मग वरची.

बाई थोडा वेळ तिथेच उभ्या राहिल्या. मग खाली वाकून त्यांनी अर्ज दाराच्या फटीतून आत सरकवला, आपलं नाव वर येईल असा, आणि कठड्याला धरून सावकाश जिना उतरू लागल्या.