पहारेकऱ्याचं चिलखत

दातांच्या डॉक्टरला त्या मंडळींत सगळे दातवाला म्हणत, आणि त्याचं त्याला काही वाटत नसे. चाळिशी उलटलेला माणूस. आठवडाभर लोकांच्या दाढा उपटायच्या आणि सुट्टी लागली की फोमची शस्त्रं पाठीला लावून, आवडत्या पात्रांची सोंगं घेणाऱ्या मंडळींबरोबर विज्ञानकथांच्या मेळ्याला पळायचं. बायको याला दुसरं बालपण म्हणायची. पहिलं तरी कधी संपलं होतं, असं त्याचा मित्र तिला विचारायचा.

हा मित्र म्हणजे मंडळींचा कप्तान. परगावच्या मेळ्यांची तिकिटं काढणारा, बसमध्ये सगळ्यांच्या जागा धरून ठेवणारा. एका अंतराळमालिकेतल्या पहारेकऱ्याचं चिलखत त्याने स्वतः घडवलं होतं, आणि ते घालून तो मिरवणुकीत असा चालायचा की लहान मुलं आईच्या मागे लपत.

गेल्या वर्षी असल्याच एका मेळ्याहून परतताना त्याची बस नदीत गेली. चिलखत सामानाच्या टेम्पोतून धडधाकट आलं. कप्तान पेटीतून आला, आणि ती पेटी उघडू नका असं बजावण्यात आलं. आईने मुलाचं तोंड पाहिलंच नाही. दातवालाही त्याच बसमध्ये असणार होता, पण कुणाची तरी दाढ ऐनवेळी सुजली म्हणून तो गेलाच नव्हता. तेव्हापासून कप्तानच्या घराकडे त्याचं पाऊल काही वळेना.

यंदा मंडळींनी ठरवलं, कप्तानचं चिलखत मिरवणुकीत चाललंच पाहिजे. आईने ते काढून दिलं. अट एकच घातली, "कोण घालणार ते मला सांगू नका." सगळ्यांना वाटलं, बिचारीला सोसवणार नाही. दुसऱ्याच्या दुःखाचा अर्थ लावून माणसं किती पटकन मोकळी होतात!

अंगाला बरोबर बसेल म्हणून ते दातवाल्याच्या गळ्यात पडलं. नको म्हणायला तोंड कुठलं? हेल्मेट चढवलं तर आत अजून कप्तानच्या खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता.

मालिकेतला पहारेकरी कधी बोलत नाही, कधी चेहरा दाखवत नाही. कुणी काही विचारलं की मूठ छातीवर ठेवतो. म्हणजे, मी आहे. मंडळी हे इतकं कडक पाळत की हेल्मेटच्या आत शिंकसुद्धा दाबून धरत. मिरवणूक निघाली. भल्यामोठ्या हॉलमध्ये दोन्ही बाजूंनी पोरं ओरडत होती, "पहारेकरी, आहेस का?" आणि दातवाल्याची मूठ आपोआप छातीवर जात होती.

"तू आहेस ना रे?" कानाशी कुणीतरी हळूच विचारलं.

मूठ छातीवर गेली. मग त्याने वळून पाहिलं. कप्तानची आई होती.

तिचा चेहरा एकदम उजळला. तेव्हाच हेल्मेट काढायला हवं होतं. त्याने काढलं नाही. नियमाचं निमित्त होतं. खरं म्हणजे तो चेहरा विझवणं त्याच्या जिवावर आलं.

ती शेजारून चालू लागली. "मला माहीत होतं. सगळे म्हणाले, मनाला समजवा. काय म्हणून समजवू? तुझी खोली झाडून ठेवते रोज. भाऊजींना तुझी मोटरसायकल हवी होती, मी हात लावू दिला नाही." थोडं थांबून म्हणाली, "आणि तो तुझा दातवाला! एकदा फिरकला नाही रे. त्याचा जीव वाचला, तेवढं पुरलं त्याला."

चिलखताच्या आत दातवाला चालत राहिला. हे गाऱ्हाणं कप्तान ऐकतोय आणि आपण कुठेतरी लांब, दुसऱ्याच्या घरी लपून बसलोय, असं त्याला वाटायला लागलं.

मिरवणूक संपली. कपडे बदलायच्या खोलीच्या पडद्याआड त्याने घाईघाईने सगळं अंगावरून उतरवलं आणि मन घट्ट करून, उघड्या चेहऱ्याने बाहेर आला. ती समोरच उभी होती.

"अगंबाई! तूही आलायस होय?" ती म्हणाली. रागाचा मागमूस नव्हता. नजर त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे गेली. "तो आहे ना अजून आत?"

"काकू, आत कुणी नाही. मीच होतो. चुकलं माझं."

ती हसली. त्याच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "मित्राची पाठराखण करतोस होय रे? मी आई आहे त्याची. मला ओळखू येत नाही का? त्याने स्वतः सांगितलं मला. जा, बोलाव त्याला. घाई नको म्हणावं, मी थांबते."

"काकू, खरंच..."

"जा रे बाळा."

तो आत गेला. बाकावर चिलखताचे तुकडे पडले होते. त्याने पडदा नीट ओढून घेतला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "चल ना यार. बाहेर आई थांबलीय."

उत्तर यायला लागेल तेवढा वेळ तो थांबला. मग खाली बसून त्याने पुन्हा चिलखताचे बूट चढवायला घेतले.