सत्यभामावहिनींचा भिंतीवरचा फोटो

रुद्रेशने पुण्याहून डिजिटल कॅमेरा पाठवला, ते २००४ साल. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'बाबा, घरात बसून नुसतं वाचत राहू नका. बाहेर पडा, फोटो काढा.' मी कॅमेरा कपाटात ठेवला आणि त्याच्याबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचायला घेतलं.

शहाण्णव पानांचं इंग्रजी पुस्तक होतं. आयुष्यभर वाचनालयात नोकरी केल्यामुळे पुस्तक हाती आलं की ते पहिल्या पानापासून वाचायचं, ही माझी खोड. शब्दकोश घेऊन मी ते दोनदा वाचलं, समासात पेन्सिलीने टिपणं काढली. कॅमेरा धरताना कोपरं अंगाला चिकटवावीत. बटण आधी अर्धं दाबावं, म्हणजे कॅमेरा नजर स्थिर करतो, मग पूर्ण दाबावं. ज्याचा फोटो काढायचा त्याच्या पाठीमागे उजेड नसावा. हे सगळं मला तोंडपाठ झालं. पण फोटो काढायचं धाडस काही होईना. आपली अजून तयारी झाली नाही, असं वाटे.

गंगासागर, म्हणजे आमची मंडळी, एके दिवशी म्हणाली, "चार महिन्यांत पोरगंसुद्धा पालथं पडतं. तुमचा कॅमेरा अजून उताणाच हाय."

माझी तयारी शेवटी सत्यभामावहिनींनी करून घेतली.

वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या सुंदररावांची बायको. सुंदरराव एकेकाळी पंचायत समितीचे सदस्य होते. वडगावात त्यांच्या शब्दाला मान होता, फक्त घरात तो वहिनींच्या शब्दानंतर येई. वहिनींच्या पित्ताशयात खडे निघाले होते. सोमवारी सकाळी जीपने औरंगाबादला जायचं आणि मंगळवारी ऑपरेशन, असं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, काही विशेष नाही. पण वहिनींची थोरली जाऊ अशाच काही विशेष नसलेल्या ऑपरेशनला गेली होती आणि परत आली नव्हती.

शनिवारी दुपारी वहिनी स्वतः आमच्याकडे आल्या. बसल्या नाहीत.

"आप्पा, तुमच्याकडं कॅमेरा हाय म्हणं. माझा एक फोटो काढा. भिंतीवर लावायचा."

मी म्हणालो, आपल्या गावात तात्याबाचा स्टुडिओ आहे, त्याचा हात बसलेला आहे.

मग वहिनींनी मला त्यांच्या बैठकीत नेलं आणि भिंत दाखवली. त्या बैठकीत मी वर्षानुवर्षं चहा पीत आलो होतो, पण त्या भिंतीकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. सासऱ्यांचा फोटो कुठल्याशा सत्काराच्या घोळक्यातून कापून मोठा केलेला होता. त्यांच्या डाव्या खांद्यावर चार बोटं होती. ती कुणाची, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. सासूबाईंचा फोटो मतदार ओळखपत्रावरून वाढवलेला होता. त्यात दोन्ही कान स्पष्ट होते, बाकी सगळं अंदाजाने ओळखायचं. तहसील कार्यालयात त्या भिंतीला पाठ लावून श्वास कोंडून बसलेल्या असाव्यात, इतकं मात्र कळत होतं. आणि थोरल्या जावेला तात्याबाने इतकं गोरं केलं होतं की तिच्या माहेरच्या माणसांनी तेराव्याला विचारलं होतं, ही कोण.

"इतकी वर्षं मी ह्या तिघांची धूळ पुसतेय," वहिनी म्हणाल्या. "माझ्या माघारी माझी कुणीतरी पुसंल. पुसणाराला कळायला तर पायजे, की ही सत्यभामा हाय."

हे त्या अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

संध्याकाळी मी कॅमेरा घेऊन गेलो. बाहेर ओसरीत उजेड चांगला होता, पण तिथे बसलं की येणारी-जाणारी माणसं थांबून विचारतील कशाचा फोटो, आणि काय सांगायचं, म्हणून वहिनी आतल्या खोलीत बसल्या. खोली अंधारी, त्यामुळे फ्लॅश लागणार होता. फ्लॅशमध्ये माणसाचे डोळे लाल येतात, आणि ते टाळायची सोय कॅमेऱ्यात असते, हे मी पान एकेचाळीसवर वाचलं होतं. आधी एक उजेड पडतो, त्याने बाहुल्या आकसतात. मग थोडं थांबून दुसरा उजेड पडतो आणि खरा फोटो निघतो. इतकी हुशारीची सोय वाया घालवणं मला बरं वाटलं नाही. मी ती चालू केली.

वहिनी हिरव्या लुगड्यात, डोक्यावर पदर घेऊन खुर्चीवर बसल्या. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान ताठ, श्वास कोंडलेला. आमच्याकडे फोटोला माणसं अशीच बसतात. तात्याबानेच ही सवय लावली आहे. त्याच्या स्टुडिओत हललं की दम मिळतो, आणि उजेड पडला की तो "झालं, उठा" म्हणून पुढच्याला हाक मारतो. सुंदरराव माझ्या पाठीमागे उभे राहून सूचना देत होते. पदर पुढं घे. हनुवटी वर. इतकी वर न्हाई.

मी कोपरं अंगाला चिकटवली, बटण अर्धं दाबलं, पूर्ण दाबलं. उजेड पडला. पडद्यावर पाहिलं तर वहिनी अर्ध्या उठलेल्या, तोंड उघडं, पदर खांद्यावर.

मी माफी मागितली आणि पुन्हा काढला. या वेळी त्या सुंदररावांकडे वळल्या होत्या. तिसऱ्यात त्या बाजूला खोकत होत्या. चौथ्यात गुडघा चोळत होत्या. प्रत्येक वेळी बटण दाबेपर्यंत त्या कोरल्यासारख्या निश्चल, आणि फोटोत मात्र दुसरंच काहीतरी करत असलेल्या. आपला हात जड आहे, आपण वेळेवर दाबत नाही, साठ वर्षं आपण प्रत्येक गोष्ट थोडी उशिराच केली, असं बरंच काही त्या अर्ध्या तासात मनात येऊन गेलं.

आठव्या वेळी सुंदरराव म्हणाले, "जरा हस की. फाशी द्यायलेत का तुला?"

वहिनींनी पहिला उजेड पडेपर्यंत दम धरला. मग अर्ध्या उठून त्यांच्यावर बोट रोखलं.

"तुमी गप बसा. मरायचं मला हाय."

आणि स्वतःच्याच बोलण्याचं त्यांना हसू फुटलं. त्याच वेळी दुसरा उजेड पडला.

कार्डात आठच फोटो मावत होते. ते भरलं. मी सांगितलं, उद्या सकाळी येतो, सकाळी हात स्थिर असतो. हे खोटं होतं. माझा हात कुठल्याच वेळी स्थिर नसतो.

घरी येऊन मी फोटो पुसायला बसलो. सगळे एकदम पुसायची सोय होती, पण पुस्तकात तिच्यापुढे सावधानतेचं चिन्ह होतं, म्हणून मी एकेक पुसायचं ठरवलं. प्रत्येक फोटोला कॅमेरा विचारी, तुमची खात्री आहे का? आता मला आयुष्यात कशाचीच खात्री वाटलेली नाही. मी प्रत्येक वेळी थांबून विचार करी, तो फोटो पुन्हा पाही, मग 'हो' दाबी. सात फोटो पुसायला पाऊण तास गेला. आठव्याला प्रश्न आला, मी विचारात पडलो, आणि तेवढ्यात सेल संपून पडदा काळा झाला.

गंगासागर शेंगा फोडत बसली होती. मी तिला माझ्या जड हाताबद्दल सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, उजेड कितीदा पडतो? मी म्हणालो, दोनदा.

"आणि ते सत्यभामाबाईला सांगितलं का?"

नव्हतं सांगितलं. म्हणजे पहिल्याच उजेडाला त्या 'झालं' समजून उठत होत्या. पुस्तकात कॅमेऱ्याने काय करावं ते सगळं लिहिलं होतं. समोरच्याला काय सांगावं, याबद्दल अक्षर नव्हतं, आणि आपणहून कुणाला काही सांगायची मला सवय नाही.

रविवारी सकाळी दुकानातून नवे सेल आणले. दुसऱ्या उजेडाची सोय बंद केली. वहिनींना खोलीच्या दारापाशी, उजेड बाजूने येईल असं बसवलं. त्यामुळे फ्लॅशही लागला नाही. एकच फोटो काढला. सुंदर आला होता. चेहरा लखलखीत, कपाळावरचं कुंकू गोल, हनुवटीवरचा तीळ जागच्या जागी, मान ताठ. मला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं कौतुक वाटलं. मी पडदा वहिनींपुढे धरला.

त्यांनी तो डोळ्यांजवळ घेतला. मग त्यांनी दारातून बैठकीतल्या भिंतीकडे पाहिलं.

"आप्पा," त्या हळूच म्हणाल्या, "ह्या तर सासूबाई हायत."

सुंदररावांनीही वाकून पाहिलं. खरंच होतं. तीच भिंतीला लावल्यासारखी पाठ, तोच कोंडलेला श्वास. माझी चूक सुधारली होती, आणि सुधारलेल्या फोटोत वहिनी नव्हत्या.

"कालचे दाखवा," वहिनी म्हणाल्या.

मी सांगितलं, ते बिघडले होते. त्या म्हणाल्या, बिघडलेले दाखवा. मग मला कबूल करावं लागलं की मी ते पुसले. पुसलेला फोटो परत आणता येत नाही, हेही पुस्तकात ठळक अक्षरांत होतं. वहिनी खाली बसल्या. ऑपरेशन ठरल्यापासून त्यांच्या चेहऱ्यावर भीती कुणी पाहिली नव्हती. ती मला त्या क्षणी दिसली, आणि तिचं कारण मी होतो. तेव्हा कुठे मला आठवलं की आठवा राहिला होता.

मी तो शोधून काढला. वहिनी खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या, पदर घसरलेला, उजव्या हाताचं बोट सुंदररावांच्या दिशेने रोखलेलं, तोंड उघडं, आणि डोळ्यांत हसू मावत नव्हतं.

"हां," वहिनी म्हणाल्या. "ही मी."

सुंदरराव म्हणाले, भिंतीवर असा फोटो कुणी लावत नाही, लोक काय म्हणतील. वहिनी म्हणाल्या, लोकांचा नाही, माझा आहे.

कार्डावरून फोटो काढून देणारं दुकान बीडला होतं, आणि जीप तिकडूनच जाणार होती. म्हणून सोमवारी मीही जीपमध्ये बसलो. मांजरसुंब्याला सगळ्यांनी चहा घेतला. वहिनींनी घेतला नाही. बीडला दुकानासमोर जीप थांबली, मी आत गेलो आणि कार्ड दिलं. दुकानदाराने कॉम्प्युटरवर फोटो उघडला आणि म्हणाला, काळजी करू नका, तोंड मिटवून देतो, रंग उजळतो, तीळ काढतो, पाठीमागे बाग टाकतो. त्याचा उत्साह पाहून मला त्याला नको म्हणायचा धीर झाला नाही. मी बाहेर येऊन वहिनींना विचारलं.

वहिनी पोट धरून जीपमधून उतरल्या आणि दुकानाच्या पायरीवर उभ्या राहिल्या.

"तीळ ऱ्हाऊ द्या. तो माहेरचा हाय. बाग नको, मी कधी बागंत गेलते?"

"मावशी, निदान हे बोट तरी कापू का?" दुकानदाराने विचारलं.

"बोट ऱ्हाऊ द्या. त्याच्याशिवाय ह्यांना कळणार न्हाई."

फोटो मोठा करून हातात मिळाला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून पाहिला, सुंदररावांकडे दिला आणि म्हणाल्या, आता चला. तिथून जीप औरंगाबादला गेली आणि मी एसटीने परत आलो.

मंगळवारी रात्री सुंदररावांचा फोन आला. ऑपरेशन झालं, वहिनी शुद्धीवर आल्या, आणि पहिलं वाक्य नर्सला रागावून बोलल्या. बाराव्या दिवशी त्या घरी आल्या. फोटोला सुंदररावांनी औरंगाबादेतच चौकट करून घेतली होती. वहिनींनी तो सध्या ट्रंकेत ठेवायला लावला. सुंदरराव रोज ट्रंक उघडतात, असं गंगासागर सांगते. विचारलं तर म्हणतात, वाळवी लागली का ते बघत होतो.

इथवर सगळं ठीक झालं होतं. पण गावाने याचा वेगळाच अर्थ काढला. आप्पांनी फोटो काढला आणि सत्यभामाबाई परत आल्या, अशी गोष्ट पसरली. आपल्याकडे एखाद्या वैद्याच्या हाताला गुण असतो, तसा माझ्या हाताला आहे, असं लोक म्हणू लागले. मी समजावलं की त्यात उजेड असतो, काच असते, सेल असतात. कुणी ऐकेना. मला दुसरीच धास्ती पडली, की मी फोटो काढलेला एखादा परत आला नाही तर?

अशा फोटोसाठी सगळ्यांत आधी गावातला आश्रुबा आला. त्याचं हर्नियाचं ऑपरेशन होतं. धुतलेलं धोतर, नवी टोपी, आणि थेट येऊन माझ्या ओसरीतल्या खुर्चीवर बसला. ओसरीत उजेड भरपूर होता, मी तसाच काढतो म्हणालो. तो ऐकेना.

"दोनदा उजेड पडतो तसलाच काढा. सत्यभामाबाईचा काढला तसा."

मी फ्लॅश चालू केला, दुसऱ्या उजेडाची सोयही चालू केली. मग तो अडखळला. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, पोरं पुण्याला. बोट रोखायला घरात कुणी उरलंच नव्हतं.

"मी कुणाला रागवू?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, मला रागव.

"तुमाला कावून? तुमी काय केलं?"

तरी त्याने विचार केला. पहिला उजेड पडला तसा त्याचा श्वास सुटला, आणि तो खुर्चीतून अर्धा उठला.

"तीस वर्षं गावात ऱ्हाता. एकदा तरी पारावर येऊन बसला का वो? आमी काय वाघ हाव?"

दुसरा उजेड पडला तरी तो बोलतच होता.