नळीतली मळी

"माझं मूत बी आता चुलवाणावर चढवता व्हय? गूळ पडला तर ढेप आना मला."

डॉक्टर लघवी तापवून बघणार हे कळल्यावर राही दवाखान्याच्या बाकावर बसून म्हणाली. हसताना तिनं बरगडी दाबून धरली. नुसत्या खोकल्यानं ती बरगडी मोडली होती. म्हणून मी तिला, माझ्या बायकोला, श्रीगोंद्याहून नगरला मोठ्या डॉक्टरांकडे आणलं होतं. एकाहत्तर साल होतं.

डॉक्टरांनी मला आत बोलावलं. काचेच्या नळीत तिची लघवी होती, खाली स्पिरिटचा दिवा. लघवी तापली तशी नळीत पांढरी मळी धरली. पण उकळी आली आणि मळी गेली. नळी स्वच्छ झाली.

मी गुऱ्हाळावरचा गुळव्या. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, उसाचा रस तापला की मळी वर येते, ती काढली की रस निवळतो. निवळला की पुढची काळजी नसते. मी थांबलोच नाही, बाहेर पळालो.

"राहे, निवळलं!"

"मग? मी म्हनतच हुते," म्हणत ती पिशवी आवरायला लागली.

आतून डॉक्टरांनी हाक मारली. "गहिनीनाथ, दिवा विझवलाय. आता बघा."

नळी गार होत होती आणि मळी पुन्हा धरत होती.

"पर गेल्ती की, सायेब."

"गेली नव्हती, विरघळली होती. हाडांच्या आत रक्ताच्या पेशी तयार होतात. त्यातल्या काही रोगाशी लढणाऱ्या असतात, त्यांतली प्रत्येक पेशी आपला वेगळा साचा जुळवते. जड तुकडा आणि हलका तुकडा मिळून एक हत्यार होतं. यांची एकच पेशी माजलीय. तिचीच पिलावळ वाढली आणि एकाच साच्यातले हलके तुकडे पाडत सुटली. तेच लघवीत उतरतात. ती पिलावळ हाडं पोखरते."

"मग तेवढा साचा फोडा की."

"पेशी तो जुळवते कसा, हेच अजून कुणाला नीट कळलेलं नाही. गोळ्या देतो. थोडे दिवस मिळतील."

बाहेर राही उठवून घ्यायला हात पुढे करून बसली होती. माझं तोंड बघून तिनं हात मांडीवर ठेवला.

"परत गढूळ झालं व्हय?"

मी तिची पिशवी खांद्याला लावली.

"उचला मला. यस्टी जाईल, अवं."

दिवाळीच्या आत ती गेली.

पुढं गुऱ्हाळ लागलं. पहिल्या काहिलीची मळी काढून झाली. जाळ घालणारा भिमाजी ओरडला, "नाना, निवळला की रस!"

मी हो म्हणालो नाही. वाटीत थोडा रस घेतला आणि तो गार होईपर्यंत हातात धरून उभा राहिलो.