बाबांची एकतीस तारीख

श्रीरंगकाका, बाबांचे मोठे भाऊ, फिलॉसफीचे रिटायर्ड प्रोफेसर. दर रविवारी रांझीला आमच्याकडे येतात, पोहे खातात अन् सुरू होतात, "विनता, माणूस स्वतःशिवाय कोणाचाच नसतो. बाप लेकराला जपते ते पण स्वतःसाठीच."

माझं डोकंच सणकते. त्या रविवारी म्हटलंच, "तुम्हाला लेकरं नाहीत ना काका, म्हणून सुचते हे!" आई ओरडली, "जीभ आवर." काका नुसते हसले.

बाबा सरकारी फॅक्टरीत फिटर. एकतीस तारखेला रिटायर होणार होते, हार-पेढे सांगून झाले होते. अन् सत्तावीसला ड्यूटीवरच छातीत कळ आली. दवाखान्यात तोंडावर मास्क, डोळे मिटलेले. काका पलंगापासून हलेनात. बाबांचे पाय दाबत बसले.

तीस तारखेला बाबांचे दोस्त रामराव आले. मला पलंगाजवळच हळू म्हणाले, "बेटा, वाईट नको मानू. नोकरीत असताना माणूस गेला, तर पोराला नोकरी भेटू शकते. रिटायर झाल्यावर काही नाही."

पियूष, माझा भाऊ, बत्तीस वर्षांचा. सहा वर्षांपासून घरी बसून राहिला. आई बाहेर देवाचं नाव घेत होती. अन् मी, काकांशी भांडणारी मी, डॉक्टर आले तर काय विचारलं? "डॉक्टर साहब, कल रात तक... कुछ हो सकता है क्या?"

त्यांना वाटलं, पोरगी घाबरली. "घबराइए मत, खतरा टल गया है."

माझा चेहरा पडला. देवाशपथ, पडला! काकांनी तो पाहिला, अन् परत बाबांचे पाय दाबू लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

एक तारखेला सकाळी मास्क निघाला. आईनं अंगारा लावला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"आज किती तारीख, बेटा?"

"एक, बाबा."

त्यांनी डोळे मिटले. "तू डॉक्टरला विचारलं ना, तेव्हा मी जागाच होतो. मग लय प्रयत्न केला. दोनदा मास्क सरकवला, नर्सनं परत लावला. नाही जमलं. पियूषला सांग, माफ कर म्हणा."

अगं आई गं! काका तोंडावर रुमाल दाबून हुंदके देऊन राहिले होते.

"माझं चुकलं गं, विनता."

म्हटलं, "बाबांपुरतं चुकलं, काका. माझ्याबद्दल बरोबरच होतं तुमचं."