छापा की काटा

कडा मात्र शाबूत होती. चेहरा गेलेला, अक्षरं गेलेली, साल गेलेलं. अंगठ्याखाली नुसता गुळगुळीत, मध्ये किंचित खोलगट झालेला धातू, चघळून चघळून पातळ केलेल्या गोळीसारखा... पण कडेवरचे बारीक दाते अजून नखाला लागत होते. तिनं नाणं खिडकीकडे धरलं, तिरकं केलं, उलटं केलं. काही नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते अगदी डोळ्यांशी नेलं, आणि तेवढ्यात गॅसवरचा चहा उतू गेला. मग नाणं मुठीत तसंच धरून ती दुसऱ्या हातानं ओटा पुसू लागली. आपण मूठ का उघडत नाही, तिच्या मनात आलं. कुणी हिसकावून घेणार आहे का?

बाबांच्या डब्यात सापडलं होतं ते. बाबा गेल्यावर ताई आणि ती मिळून त्यांची खोली आवरायला बसल्या, तेव्हा कपडे, चष्मे, उरलेली औषधं ताईनं भराभर वेगळी केली – ताईला ते जमत होतं, ती त्यांच्याजवळ राहिलेली – आणि शेवटी एक पत्र्याचा डबा तिच्यापुढे सरकवून म्हणाली की हे तू बघ, मला यातलं काही कळत नाही. जसं काही तिला कळत होतं. बाबा जन्मभर टर्नर होते, लेथच्या यंत्रावर धातू कातायचे. डब्यात त्यांचा मायक्रोमीटर, एक कॅलिपर, तेलकट फडक्यात बांधलेली हत्यारं, आणि तळाशी, कापसात गुंडाळलेलं, हे. ताईनं ते हातात घेतलं आणि चटका बसल्यासारखं परत ठेवलं. दोघींना एकाच वेळी एकच गोष्ट आठवली होती, आणि ताईनं डब्याचं झाकण लावलं.

पण तेच नाणं कशावरून? ते तर लखलखीत होतं. तिला आठवतं तसं – आणि या एका बाबतीत तिला सगळंच आठवतं.

त्या काळी घरात सगळं छापा-काट्यावर ठरायचं. खिडकीशी कुणी झोपायचं, आंघोळीला आधी कुणी जायचं, बाबांच्या सायकलवर पुढे कुणी बसायचं. दोघी भांडायला लागल्या की बाबा खिशातून नाणं काढायचे आणि म्हणायचे, नाण्याला कुणी लाडकं नसतं. मग बाबांच्या वर्कशॉपला टाळं लागलं. बरेच महिने तसेच गेले. आणि मावशी – आईची मोठी बहीण, मूलबाळ नसलेली, दूरच्या गावी काकांबरोबर रंगांचं दुकान चालवणारी – दोघींपैकी एकीला घेऊन जायला आली. ती पहिलीत होती, ताई चौथीत. संध्याकाळी बाबांनी दोघींना समोर उभं केलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. आत एकच भांडं पुन्हा पुन्हा घासल्याचा आवाज येत राहिला.

"छापा आला तर थोरली राहील, धाकटी जाईल," बाबा म्हणाले. "काटा आला तर उलट."

नाणं वर गेलं, दिव्याच्या उजेडात फिरलं, त्यांच्या मनगटावर पडलं. त्यांनी वरचा हात उचलला, वाकून दोघींना दाखवलंसुद्धा. छापा.

"पुन्हा उडवा," ती म्हणाली होती.

"नाणं एकदाच उडवायचं असतं, बाळा."

एवढंच. आणि या एवढ्याशा गोष्टीवर तिनं आपलं सगळं आयुष्य उभं केलं. कारण तिला कुणी दिलं नव्हतं... नाण्यानं दिलं होतं. शाळेत, नंतर कॉलेजात, कुणी खोदून विचारलं तर ती हसत सांगायची, टॉस हरले! – आणि समोरचा हसायचा, आणि विषय संपायचा. काट्याच्या बाजूनं पडलं असतं तर ताई गेली असती. इतकं साधं होतं ते. त्यात कुणाचा दोष नव्हता, कुणाची माया कमी नव्हती, कुणावर रागावायचं कारण नव्हतं. आणि जे नशिबानं झालं ते नशिबानंच कधीतरी फिरेलही, म्हणून मावशीला ती कधी आई म्हणाली नाही. मावशीनंही कधी म्हणायला लावलं नाही. फक्त दुकानात एखादं गिऱ्हाईक 'तुमची मुलगी का?' असं विचारायचं, तेव्हा मावशी उत्तर द्यायच्या आधी एकदा तिच्याकडे बघायची. आणि ती, रंगांच्या डब्यांवरची धूळ पुसता पुसता, स्वच्छ आवाजात सांगायची, "मावशी आहे माझी."

त्या सकाळी ती दवाखान्यात पोचली तेव्हा पहिले आजोबा येऊन बसलेच होते, सून बरोबर होती. कानांची तपासणी हे तिचं काम. काचेची खिडकी असलेली, जाड भिंतींची एक लहानशी खोली. आत माणूस कानांना हेडफोन लावून बसतं, बाहेर ती यंत्राशी. तिनं बटण दाबलं की आत बारीक आवाज जातो आणि तो ऐकू आला की माणसानं बोट वर करायचं. हे आजोबा दर वेळी बोट वर करत होते. बटण दाबलं तरी, नाही दाबलं तरी.

"आजोबा, मी अजून दाबलंच नाही," ती शेवटी माइकवर म्हणाली.

ते ओशाळून हसले. असे पुष्कळ येतात. ऐकू येत नाही हे माहीत असतं, पण बाहेर सून बसलेली असते. तिला त्यांचा कधी राग येत नाही. चेहरा बघूनच तिला ओळखू येतं कोण खरं ऐकतंय आणि कोण नुसतं बोट वर करतंय... इतकी वर्षं हेच तर केलं.

दुपारच्या सुट्टीत ती जुन्या नाण्यांच्या दुकानात गेली. घड्याळदुरुस्तीच्या दुकानालगत, जिन्याखाली, एक काउंटर आणि दोन स्टुलं. दुकानदार तिच्याच वयाचा असेल, किंवा थोडा थोरला. डोक्यावर केस नाहीत, डोळ्याला भिंग. नाण्याकडे बघून तिनं जरा ओशाळंच हसत म्हटलं की याला तर चेहराच राहिलेला नाही.

"माझा तरी कुठं राहिलाय," तो म्हणाला. "घरचे ओळखतात अजून."

त्यानं नाणं मोजपट्टीवर ठेवलं, कडेचे दाते पाहिले, मग दिवा आडवा करून उजेड अगदी जमिनीलगत आल्यासारखा नाण्यावर सरपटत आणला; आणि तिला दिसलं... धुक्यातून यावी तशी कपाळाची, नाकाची, हनुवटीची पुसट रेघ. त्यानं खणातून तसंच एक चांगलं नाणं काढून शेजारी ठेवलं. हे हो, तो म्हणाला, तुमच्या-आमच्या लहानपणी चालायचं. तुम्हीपण याच्या गोळ्या घेतल्या असतील. किंमत म्हणाल तर काही नाही, पोत्यानं मिळतात.

तेच आहे. तिच्या छातीत काहीतरी एकदम उघडलं. तेच आहे, आणि त्यांनी ते खर्चलं नाही! कापसात गुंडाळून ठेवलं. ज्यानं मला त्यांच्यापासून नेलं ते त्यांनी जन्मभर... तिला त्या अनोळखी माणसासमोर रडू येईल असं वाटलं, आणि ते सुखाचं असेल असंही वाटलं.

पण तो नाणं परत देईना. तळहातावर पेलून बघत होता. त्यानं आधी खणातलं नाणं काचेवर टाकलं: ठण्ण, आणि मागे बारीक, लांबत जाणारी शेपटी. मग बाबांचं टाकलं.

बद्द.

तो काही बोलायच्या आधीच तिला कळलं. काय कळलं ते सांगता आलं नसतं. पण आवाजाच्या आत पोकळी होती, आणि आवाजाचं तिला कळतं.

त्यानं दुसरी बाजू उजेडाखाली धरली. भिंग तिच्या हातात दिलं. इथं आकडा हवा, तो म्हणाला, आणि आकड्याभोवती नक्षी. बघा बरं काय दिसतंय. तिनं बघितलं. कपाळ, नाक, हनुवटी.

"दोन्हीकडे छापाच आहे," तो म्हणाला. "जादूवाले ठेवतात असलं. दोन नाणी घ्यायची, एक आतून कोरायचं वाटीसारखं, दुसरं त्यात बसेल असं कातायचं. ही बघा, कडेच्या आत गोल रेघ, केसाएवढी. पण हे बाजारातलं नाही. कुणीतरी हातानं लेथवर केलंय... आणि काय सफाईनं केलंय!"

"माझे बाबा टर्नर होते," ती म्हणाली.

त्यानं दिवा सरळ केला. मग, काहीतरी बरं बोलायला हवं म्हणून असेल, त्यानं सांगितलं की ही झीज नंतरची आहे. सांधा करताना नाणी नवी होती. आणि खिशात पडून नाणं असं झिजत नाही, असं मधोमध, खोलगट. हे कुणीतरी बोटांनी घासलंय. वर्षानुवर्षं.

बाबा मावशीकडे भेटायला यायचे. खुर्चीच्या अगदी कडेवर बसायचे, उजवा हात पँटच्या खिशात. चहा डाव्या हातानं प्यायचे. तिला वाटायचं, त्यांना निघायची घाई आहे.

परतल्यावर दोन तपासण्या झाल्या आणि मधला एक माणूस आलाच नाही, तेव्हा ती त्या जाड भिंतींच्या खोलीत जाऊन बसली. दार लावलं. इथं बाहेरचं काही येत नाही. थोड्या वेळानं आपलंच रक्त ऐकू येऊ लागतं.

वर्कशॉप तर बंद होतं. म्हणजे बाबा दुसऱ्या कुणाच्या तरी लेथवर गेले असणार. 'जरा एक काम आहे' म्हणून परवानगी मागितली असणार. पहिली जोडी बिघडली असेल. दुसरी घेतली असेल. वाटी खोल कोरायची, दुसरं नाणं कातायचं, बसवून बघायचं, काढायचं, पुन्हा केसभर कातायचं... त्यांचा हात माहीत आहे तिला, मनासारखं बसल्याशिवाय ते उठत नसत. एका संध्याकाळचं काम नाही ते. म्हणजे आधीच ठरलं होतं. कितीतरी दिवस आधी. आणि ते रोज घरी येत होते, माझ्यासमोर जेवत होते...

आणि सायकल. मावशी यायच्या आधी एका दुपारी बाबांनी एकट्या तिला सायकलच्या दांडीवर बसवून गावभर फिरवलं होतं. ताईला घेतलं नाही. छापा-काटा केला नाही. ताई दारात उभी राहून रडत होती आणि ती वळून वळून ताईकडे बघत हसत होती. तिच्या केसांवर बाबांची हनुवटी टेकलेली होती, आणि ते काही म्हणजे काही बोलत नव्हते. तिच्याजवळची सगळ्यात चांगली आठवण होती ती. मावशीकडे रात्री झोप येईना की ती हीच काढून बघायची, बाबांना मीच जास्त आवडते, फक्त नाण्याला माहीत नव्हतं, असं म्हणत म्हणत झोपी जायची.

त्यांना माहीत होतं. दांडीवर मी, आणि त्यांना माहीत होतं.

का? ताई आईला हाताशी आली होती म्हणून? मी कुठंही रुजेन असं वाटलं म्हणून? मावशीनं लहान मूल मागितलं होतं? मी कमी रडायची म्हणून? की मी कमी... ते वाक्य तिला पुरं करता येईना. बाहेर कुणीतरी काचेवर टकटक केली. पुढची बाई आली होती, बरोबर तिची मुलगी.

संध्याकाळी घरी येऊन ती दिवा न लावता बसली असतानाच ताईचा फोन आला. आधी ताई बाबांच्या खोलीला रंग द्यायचं म्हणाली, पंख्याबद्दल काहीतरी म्हणाली. मग तिनं विचारलं.

"ते नाणं दाखवलंस का गं कुणाला?"

"दाखवलं."

"तेच होतं?"

ती हो म्हणाली. पलीकडे ताईचा श्वास अडखळलेला तिनं ऐकला. मग ताई सांगत सुटली, आयुष्यात पहिल्यांदाच: तू गेल्यावर बाबांनी घरात कधी नाणं उडवलं नाही. मी एकदा हट्ट केला, खिडकीसाठीच, कुणाशी भांडणार होते, एकटीच तर होते, तर बाबा उठून बाहेर गेले. आणि मी आपली रोज झोपताना म्हणायची, काटा पडायला हवा होता. माझ्या प्रत्येक चांगल्या गोष्टीत मला वाटत आलंय की ही तिची होती, चुकून माझ्याकडे आली. नाणं जरा इकडचं तिकडं झालं असतं तर...

"ताई," ती म्हणाली.

आता सांगितलं तर ताईचं ओझं उतरेल. चुकून नव्हतं ते. ठेवून घेतलं होतं तुला, जाणूनबुजून, हातानं कातून. आणि ते उतरलं की त्याच्या जागी काय येऊन बसेल, तेही तिला दिसलं. बाबांच्या उशापायथ्याशी काढलेली ताईची सगळी वर्षं नासतील. मग ती अगदी सहज, दवाखान्यात लोकांशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "नशीब होतं गं ते. त्याला कोण काय करणार?"

ताई रडली, आणि रडून झाल्यावर जरा हलक्या आवाजात म्हणाली की ये एकदा राहायला, आणि फोन ठेवला.

तिनं आपलाही फोन खाली ठेवला. हे वाक्य आपण कितीतरी वेळा बोललो, तिच्या मनात आलं; पण आज पहिल्यांदा ते खोटं बोललो, आणि बोलता बोलता त्याचा आधार संपला. खाली रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं. तिला मावशीची आठवण आली – दुकानातली, उत्तर द्यायच्या आधी वळून बघणारी – आणि मग आतून, फार खालून, काहीतरी वर येऊ लागलं. ते दुःख आहे असं तिला आधी वाटलं. दुःख तिच्या ओळखीचं होतं, ते असं येत नसे. हा राग होता. एखाद्या पहिलीतल्या मुलीचा, पाय आपटणारा, लाजलज्जा नसलेला राग, जो तिनं तेव्हा केलाच नव्हता, कारण नाण्यावर रागावता येत नाही. कुणावर रागावायचं ते आज पहिल्यांदा तिला कळत होतं, आणि तो माणूस जाऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

"मीच का?" ती मोठ्यानं म्हणाली. खोलीत तो आवाज तिला ओळखू आला नाही. "बाबा, मीच का?"

आणि विचारता विचारता तिच्या लक्षात आलं की बाबा गेल्यापासून आपण रडलोच नव्हतो, आणि आता रडतोय. आणि हे त्यांच्यासाठी आहे की त्यांच्याविरुद्ध, हे काही केल्या तिला ठरवता येईना.