मागचं चाक

"मागचं चाक मी खोलून बघितलं तर चालेल का?" आमच्या ह्यांनी विचारलं आणि दुकानातला विक्रेता माझ्याकडे बघायला लागला. ह्यांचे डोळे गेल्यापासून लोकांना ही खोडच लागली आहे. प्रश्न हे विचारतात आणि उत्तर मला मिळतं.

"त्यांनाच सांगा," मी म्हटलं. "कान शाबूत आहेत त्यांचे."

सायकल घ्यायची होती माझ्यासाठी, बॅटरीवर चालणारी. मी नर्स. नोकरीतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा काही माझ्याबरोबर निवृत्त झाल्या नाहीत. अकरा घरी ड्रेसिंगला जाते मी, त्यातली सात घरं चढावर. जुनी सायकल रेटता रेटता शेवटी माझ्या गुडघ्यांनीच हात टेकले. काम सोड, असं मुलगा वर्षभर सांगत होता. मी ऐकत नाही म्हटल्यावर तो रजा काढून आला आणि आम्हा दोघांना या दुकानात घेऊन आला.

ह्यांनी चाळीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या. दोन वर्षांपूर्वी दृष्टी पूर्ण गेली, दुकानाचं शटर कायमचं खाली आलं आणि पान्यांचा डबा पलंगाखाली गेला. तेव्हापासून घरात जो तो ह्यांच्या हातातली वस्तू काढून घेतो. मीही त्यातलीच. ह्यांनी गॅस बंद केला की मी मागून जाऊन बटण चाचपते. आवाज न करता करते, तरी ह्यांना कळतं. हातातला पेला जरा आपटून ठेवतात.

मुलाने पसंत केलेली सायकल दिसायला देखणी होती. एक वायर बाहेर नाही, सगळं दांड्याच्या पोटात. काय बिघडलं ते म्हणे मोबाइलवर कळतं.

"आणि कळल्यावर?" ह्यांनी विचारलं.

कंपनीचा माणूस येतो, विक्रेता म्हणाला. कधी येतो, हे तीनदा विचारल्यावर आठ-दहा दिवस असा आकडा बाहेर पडला. माझ्या डोळ्यांपुढे चढावरच्या शेवटच्या घरातले आजोबा आले. त्यांच्या पाठीची जखम दहा दिवस कुणासाठी थांबणार होती?

ह्यांनी तोवर कोपऱ्यातली दुसरी सायकल शोधून काढली होती. दिसायला अगदीच साधी, जुन्या सायकलीची थोरली बहीण म्हणावी अशी. वायर बाहेरून गेलेल्या, बॅटरीचा डबा मागे कॅरियरवर, साखळी आणि टायर कुठल्याही दुकानात मिळतील असे. अर्धा तास हे तिच्या अंगावरून बोटं फिरवत होते. मग ते मागच्या चाकाशी थांबले, कारण मोटर त्याच चाकात होती, आणि ते खोलून बघायचं विचारलं.

मुलगा माझ्या कानाशी आला. "आई, बाबांचं मन राखायला म्हणून ही घेऊ नकोस. उतारावर चाक निखळलं तर? वर तू बसणार आहेस."

खरं होतं ते, आणि त्याला माझी काळजी होती.

विक्रेत्याने तोवर नकार दिला होता. विकण्याआधी खोलायला देत नाहीत, असा नियम होता त्यांचा.

"जे चाक मला खोलता येत नाही, ते मी घरी नेत नाही," हे म्हणाले आणि काठी उचलून दाराकडे वळले. मीही पर्स उचलली. मग मात्र पाना आला.

हे जमिनीवर बसले. डोक्यावरची टोपी काढून गुडघ्याशी उलटी ठेवली. आधी वायरचा जोड सोडवला, मग नट, मग वॉशर, असं एकेक टोपीत टाकत गेले. एक दात असलेला वॉशर त्यांनी विक्रेत्यापुढे धरला. "हा नीट बसला नाही तर मोटरच्या जोराने चाकाचा दांडाच फिरेल आणि वायर तुटेल. सगळा खेळ याच्यावर आहे." चाक निघालं. जड होतं, तरी कुणाला हात लावू दिला नाही. मग परत बसवायला घेतलं.

टोपीत हात घालताना तोच वॉशर काठावरून घसरला आणि रबरी चटईवर पडला. आवाज झाला नाही. मी पाहिलं, मुलानेही पाहिलं. तो बोलणार तेवढ्यात मी त्याचं मनगट घट्ट धरलं.

बायको म्हणून मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण उतारावर ते माझ्याबरोबर नसणार, माझ्याखाली त्यांनी आवळलेले नट असणार. चूक त्यांची त्यांना सापडते का, हे कळायला हवंच होतं मला.

ह्यांनी नट चढवला, फिरवला आणि थांबले. पुन्हा उलटा फिरवून काढला. टोपी चाचपली. "एक कमी आहे," स्वतःशीच म्हणाले. मग तळहात चटईवर ठेवून हळूहळू गोल फिरवत राहिले. तिसऱ्या फेरीला वॉशर हाताला लागला. ह्यांनी तो अंगठ्याने पुसला, दाताची बाजू बघितली आणि बसवला. हाताने ढकललेलं चाक बराच वेळ सरळ फिरत राहिलं. ते थांबेपर्यंत मुलाने त्याच्या पसंतीच्या सायकलची माहिती उघडलेला मोबाइल खिशात ठेवला होता.

ती साधी सायकल घेऊन घरी आल्यावर हे म्हणाले, "वॉशर पडताना तू पाहिलास."

"कशावरून?"

"पोराने बोलायला श्वास घेतला आणि बोललाच नाही. त्याला गप्प करणारी तू एकटीच."

"म्हणजे त्यावरून शोधलात?"

"छे. नट दोन आटे जास्त आत गेला, म्हणून." मग त्यांनी विचारलं, "नसता सापडला तर?"

"पोराची घेतली असती. आणि पडलेला पाहिला होता, हे तुम्हाला जन्मात सांगितलं नसतं."

"बरं केलंस, बोलली नाहीस ते," हे म्हणाले. पण त्या संध्याकाळी ते फारसे जेवले नाहीत.

सकाळी मी ड्रेसिंगची पिशवी घेऊन अंगणात आले तेव्हा पलंगाखालचा डबा तिथे उघडा होता आणि ह्यांची बोटं काळी झाली होती. चाक, ब्रेक, साखळी, सगळं तपासून झालं होतं. "जा," म्हणाले.

सवयीने माझा हात मागच्या नटाकडे गेला. हे पाना हातात घेऊन, मान जराशी कलती करून उभे होते. ऐकत होते.

मी हात मागे घेतला, सीटवर बसले आणि निघाले. मागे पाना डब्यात ठेवल्याचा आवाज आला, अगदी हळू.