मास्तरचं कूळ

सुंदराबाईच्या घरात पाण्याच्या तांब्याआधी कूळ सांगावं लागे. सुरतेत केस पिकले, तरी खानदेशातली ही रीत तिनं तिथल्या गोडादरा वस्तीतही सोडली नव्हती. नातीला, सोनालीला, नर्सिंगच्या परीक्षेसाठी इंग्रजी शिकवायला आलेले लक्ष्मण सर आज तिच्या तावडीत सापडले. कारखान्यातून मजुरीवर घरी आणलेल्या साड्यांमागचे सुटे धागे कापता कापता ती ऐकत होती.

"पोर्ट म्हणजे वाहून नेणं," सर सांगत होते. "हे लॅटिन या मृत भाषेतलं मूळ. ट्रान्सपोर्ट, एक्सपोर्ट ही सगळी त्याचीच लेकरं."

"मेलेल्या भाषेची कुळं उकरतोस, मास्तर," सुंदराबाई कडाडली, "तुझं कूळ कोणतं? मामा कोण?"

"माहीत नाही, आजी. मी अनाथाश्रमात वाढलो."

"मग ऊठ! ज्याचा ठावठिकाणा नाही, त्यानं माझ्या घरात बसायचं नाही."

सर उठले. मागोमाग सोनालीही उठली.

"तू कुठं निघालीस गं, भवाने?"

"परीक्षा रविवारी आहे. तुझ्या कुळानं मला धागेच कापायला दिले, आजी. शब्द यांनी दिले."

"उंबरा ओलांडलास तर याद राख!"

सोनालीनं तो ओलांडला. दोघं समोरच्या ओट्यावर बसली.

"सर, मग सपोर्ट म्हणजे खालून उचलून धरणं ना?" पोरगी मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. हा शब्द तिला कुणी शिकवला नव्हता.

सुंदराबाईनं खिडकी धाडकन लावली आणि तणतणत कात्री चालवली. धाग्याबरोबर साडीच फाटली, आणि शिव्या घालायला घरात कुणी उरलं नव्हतं.